अर्धांगवायूनंतर अधू हातापायाची हालचाल परत मिळवताना: घरच्या माणसांसाठी सविस्तर मार्गदर्शन

आजींना पलंगावरून उठवायचे होते. मुलाने पुढे होऊन त्यांच्या काखेत हात घातले, सुनेने लुळा पडलेला डावा हात मनगटापाशी धरला आणि "चला, एक, दोन, तीन" म्हणत दोघांनी मिळून त्यांना उभे केले. आजी कळवळल्या. हे दिवसातून सहा-सात वेळा चालले होते आणि त्यात मायेची काहीच कमतरता नव्हती. मी त्यांच्या खांद्यावरून बोट फिरवून पाहिले, तेव्हा खांद्याच्या टोकाचे हाड आणि दंडाचे हाड यांच्यामध्ये दोन बोटे मावतील एवढी खोबण लागली. स्ट्रोक येऊन तीन आठवडे झाले होते. लुळा हात स्वतःच्या वजनाने खांद्यातून खाली सरकतोच. इथे त्याला रोजच्या ओढाताणीची भर पडली होती.

अशा रुग्णांच्या घरी जाऊन व्यायाम घेणे हे माझे रोजचे काम आहे. मी फार तर पाऊण तास थांबतो. उरलेले सव्वातेवीस तास रुग्ण घरच्यांच्या हाती असतो. त्या तासांत तो कसा झोपतो, त्याला कसे उठवले जाते आणि अधू हाताला दिवसभरात काही काम मिळते की नाही, यावर पुढची बरीच सुधारणा ठरते. हा लेख त्या सव्वातेवीस तासांसाठी आहे. डॉक्टरांच्या आणि फिजिओथेरपिस्टच्या प्रत्यक्ष तपासणीची जागा तो घेऊ शकत नाही, पण त्यांनी घाईत सांगितलेल्या सूचनांमागचे कारण समजायला त्याची मदत व्हावी.

नेमके काय बंद पडले आहे

"अंगावरून वारं गेलं" असे म्हटले की दोष हातापायात आहे असे वाटते आणि मग सगळी मेहनत हातापाय चोळण्यावर खर्च होते. प्रत्यक्षात स्नायू, हाडे आणि सांधे जागच्या जागी शाबूत असतात. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे किंवा ती फुटल्यामुळे हालचालीचा हुकूम देणारा भाग निकामी झालेला असतो. मेंदूतून निघालेले बहुतेक हालचालीचे तंतू मेंदूच्या तळाशी एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूला जातात, म्हणून डाव्या मेंदूत इजा झाली की उजवी बाजू अधू होते. मेंदूच्या मधल्या मोठ्या रोहिणीत अडथळा आला असेल, तर पायापेक्षा हात आणि चेहरा जास्त अधू होतो. पुढच्या रोहिणीत आला असेल, तर पाय अधिक गळतो. "पाय चालायला लागला, मग हात का नाही?" या घरोघरी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे एक उत्तर इथेच आहे. दुसरे उत्तर असे की उभे राहण्यापुरती पायाची ढोबळ हालचाल पुरते, तर हाताचे काम बोटांच्या बारीक हालचालींशिवाय होत नाही.

सुरुवातीला हातपाय लुळे असतात. काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्यांच्यात ताठरपणा येऊ लागतो: कोपर दुमडते, मूठ आवळली जाते, पाय मात्र गुडघ्यात सरळ होऊन काठीसारखा होतो. त्यानंतर हालचाल येते ती एकगठ्ठा येते, म्हणजे रुग्णाला फक्त कोपर वाकवायचे असते, पण खांदा, कोपर आणि बोटे सगळी एकदम ओढली जातात. पुढे हळूहळू एकेक सांधा सुटा चालू लागतो. स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या सिग्ने ब्रुन्स्ट्रॉम या फिजिओथेरपिस्टने विसाव्या शतकाच्या मध्यात या टप्प्यांची जी मांडणी केली, ती आजही आमच्या नोंदींत वापरली जाते. प्रत्येक रुग्ण शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. काही जण मध्येच थांबतात.

किती सुधारेल, हे पहिल्याच आठवड्यात विचारले जाते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका अभ्यासातून एक साधी खूण हाती आली. स्ट्रोकनंतर पहिल्या ७२ तासांत ज्यांना बोटे थोडी उघडता आली आणि हात खांद्यातून बाजूला थोडा उचलता आला, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. ज्यांना यांपैकी काहीच जमले नाही, त्यांच्यासाठी ती सुमारे २५ टक्के होती. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो आणि नंतर मंदावतो. सहा महिन्यांनंतर दार बंद होते, ही समजूत मात्र खरी नाही. वर्षभरानंतरही सराव वाढवल्यावर हात अधिक कामाला लागल्याचे मी पाहिले आहे, फक्त त्या वेळी मेहनत जास्त आणि फळ थोडे असते.

पहिली पायरी: सुरुवात केव्हा करायची

लवकर उठवले म्हणजे लवकर बरे झाले, असे नाही. २०१५ साली पाच देशांतील २१०४ रुग्णांवरच्या 'अ‍ॅव्हर्ट' या मोठ्या चाचणीत असे दिसले की पहिल्या २४ तासांत सुरू करून वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्यांपेक्षा किंचित वाईट होती. म्हणून पहिल्या दिवशी घाई नको. डॉक्टरांनी रक्तदाब आणि प्रकृती स्थिर असल्याचे सांगितल्यावर थोडा थोडा वेळ बसवण्यापासून सुरुवात करावी. याचा उलटा अर्थ काढून रुग्णाला महिनाभर झोपवून ठेवणे हे त्याहून वाईट आहे. "आराम करू द्या, अशक्तपणा आहे" या वाक्याने गमावलेले आठवडे परत मिळवताना फार कष्ट पडतात.

व्यायामाच्या आधी रक्तदाब मोजावा आणि किती आकड्यापलीकडे व्यायाम थांबवायचा, हे आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. छातीत दुखणे, दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काही झाले तर व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांना कळवावे. तोंड नव्याने वाकडे होणे, बोलणे अडखळणे, चांगल्या बाजूला अशक्तपणा येणे किंवा अधू बाजू अचानक आणखी गळणे ही नव्या स्ट्रोकची लक्षणे आहेत. तेव्हा वेळ पाहून ठेवावी आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, तर ती चोळू नये. पायाच्या शिरेत गुठळी झालेली असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

दुसरी पायरी: बिछान्यावरची स्थिती

ताठरपणा हाताला आत ओढतो आणि पायाला बाहेर वळवतो. म्हणून झोपवताना त्याच्या उलट स्थिती द्यायची, एवढे सूत्र लक्षात ठेवले की उशा कुठे लावायच्या ते आपोआप सुचते.

पाठीवर झोपवताना अधू बाजूच्या खांद्याच्या पात्याखाली पातळ उशी ठेवावी, म्हणजे खांदा मागे पडत नाही. हात अंगापासून थोडा दूर, कोपर सरळ, तळवा वर आणि बोटे उघडी असावीत. पाय बाहेरच्या बाजूला लवंडत असेल तर मांडीच्या बाहेरून टॉवेलची गुंडाळी लावावी. गुडघ्याखाली कायमची जाड उशी ठेवू नये, कारण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. चांगल्या कुशीवर झोपवताना छातीसमोर मोठी उशी ठेवून त्यावर अधू हात पुढे ठेवावा आणि अधू पाय दुसऱ्या उशीवर. अधू कुशीवर झोपवायला लोक घाबरतात, पण योग्य रीतीने केले तर ती उत्तम स्थिती आहे, कारण त्या बाजूला अंगाचे वजन आणि स्पर्श मिळतो. त्यात खांदा अंगाखाली दबू न देता पात्यासकट पुढे ओढून घ्यावा लागतो. त्यासाठी हात पाठीमागून पात्याला घालावा, दंड धरून खेचू नये.

दर दोन तासांनी कूस बदलावी. माकडहाड, घोटा आणि टाच यांवरची त्वचा रोज पाहावी; लालसर झालेला डाग दाब काढल्यावरही जात नसेल, तर ती जखमेची पहिली पायरी समजावी. एअर बेड घेतला तरी कूस बदलणे सुटत नाही.

तिसरी पायरी: खांदा जपणे

सगळ्या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवावा. खांद्याचा सांधा उथळ बशीवर ठेवलेल्या चेंडूसारखा आहे. त्याला जागेवर धरतात ते स्नायू, आणि तेच या काळात गळालेले असतात. अशा वेळी काखेत हात घालून उचलणे, अधू हात धरून ओढणे किंवा कपडे चढवताना तो मागे वळवणे यांमुळे खांदा दुखावतो. एकदा तो दुखू लागला की रुग्ण हात हलवू देत नाही, हात न हलवल्याने सांधा आखडतो आणि आखडल्याने तो अधिक दुखतो. कधी कधी पंजा सुजतो, चकचकीत लाल होतो आणि साधा स्पर्शही सहन होत नाही. असे दिसले तर वाट पाहत बसू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे.

खुर्चीत बसवल्यावर अधू हात लोंबकळत ठेवू नये. मांडीवरच्या उशीवर किंवा समोरच्या टेबलावर कोपरापासून पूर्ण टेकवून ठेवावा. गळ्यातली झोळी हात पूर्ण लुळा असताना फक्त उभे राहताना आणि चालताना वापरावी. दिवसभर झोळीत राहिलेला हात कोपरात दुमडून तसाच ताठ होतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की झोळी दिसली की माझे पहिले लक्ष कोपराकडे जाते.

घरच्यांनी हात हलवून द्यायचा व्यायाम दिवसातून दोनदा, प्रत्येक सांध्याला आठ-दहा वेळा, सावकाश करावा. खांदा वर नेताना अंगठा छताकडे असावा आणि हात खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यावा. त्यावर न्यायचे असेल तर पाते सोबत कसे फिरवायचे, हे फिजिओथेरपिस्टकडून हात धरून शिकून घ्यावे. दाराला पुली अडकवून चांगल्या हाताने अधू हात वर ओढण्याचा व्यायाम पूर्वी सर्रास दिला जाई. त्याने खांदेदुखी वाढते असे आढळल्यामुळे आता तो टाळण्यास सांगितले जाते, तरीही कित्येक घरांत पुली लटकलेली दिसते. ती काढून ठेवावी.

कपड्यांचा नियम सोपा आहे. घालताना आधी अधू हात, काढताना शेवटी अधू हात. पुढून उघडणारे सैल सदरे, पुढे हुक असलेले ब्लाउज आणि नाडीऐवजी इलॅस्टिक यांमुळे रुग्णाला स्वतः कपडे घालणे लवकर जमते, आणि ते जमले पाहिजे. दुसऱ्याने पाच मिनिटांत घालून दिलेल्या सदऱ्यापेक्षा स्वतः वीस मिनिटे झटून घातलेला सदरा हा चांगला व्यायाम आहे.

चौथी पायरी: बसणे आणि उभे राहणे

पलंगाच्या कडेला बसवताना दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. पलंग उंच असेल तर पायाखाली पाट घ्यावा. बहुतेक जण चांगल्या बाजूवर झुकून बसतात. त्यांना आरशासमोर बसवून वजन अधू नितंबावर घ्यायला सांगावे. काही रुग्ण मात्र चांगल्या हाताने स्वतःला अधू बाजूकडे ढकलतात आणि सरळ करायला गेले की विरोध करतात. तो हट्ट नसतो. सरळ म्हणजे काय, याची मेंदूतली जाणीवच बिघडलेली असते, आणि त्यासाठी स्वतंत्र उपचार लागतात.

उभे राहणे असे शिकवावे. रुग्णाने खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर सरकून बसावे. तळपाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्यावेत, अधू पाय किंचित जास्त मागे, म्हणजे त्यावर वजन येते. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून हात पुढे करावेत. मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतके वाकावे आणि वाकता वाकताच उठावे. लोक इथे चुकतात: ते रुग्णाला सरळ वर खेचतात, त्यामुळे पुढे वाकण्याची क्रियाच होत नाही आणि रुग्ण मागे पडतो. मदतनीसाने अधू बाजूला उभे राहून कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरावे आणि आपल्या गुडघ्याने अधू गुडघ्याला पुढून आधार द्यावा. पट्टा नसेल तर घट्ट बांधलेले जाड उपरणे किंवा ओढणी चालते. खाली बसताना धपकन न पडता सावकाश बसणे हाही त्याच व्यायामाचा अर्धा भाग आहे. सुरुवातीला पाच वेळा आणि पुढे दहा-दहाच्या तीन-चार फेऱ्या दिवसभरात विभागून कराव्यात. सुरुवातीला उंच, हात असलेली, जड लाकडी खुर्ची घ्यावी. प्लास्टिकची खुर्ची सरकते, खोल सोफ्यातून तर तरुणालाही धडपडत उठावे लागते.

पाचवी पायरी: चालणे

उभे असताना अधू पायावर अंगाचे वजन पेलता आले, म्हणजे चालण्याची तयारी झाली. त्याआधी दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी उचलून फरफटत चालवण्याने रुग्णाच्या मनाला बरे वाटते, पायाला त्यातून फारसे काही मिळत नाही. ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला धरून वजन डावीकडे-उजवीकडे नेणे, चांगला पाय समोरच्या पाटावर ठेवून अधू पायावर उभे राहणे, असे करत पुढे जावे.

चालताना पाऊल लोंबत असेल तर बोटे फरशीला घासतात आणि ते टाळण्यासाठी रुग्ण पाय कमरेतून उचलून अर्धवर्तुळात फिरवतो. याला फूट ड्रॉप म्हणतात. त्यासाठी पोटरीपासून तळव्यापर्यंत बसणारा प्लास्टिकचा आधार मिळतो. दुकानात तो एएफओ या नावाने मागावा, शक्यतो मापाने करून घ्यावा. आपल्याकडची अडचण अशी की घरात आपण अनवाणी असतो, आणि एएफओ अनवाणी पायाने घालून गुळगुळीत फरशीवर चालले की पाय सटकतो. म्हणून एक स्वच्छ बूट फक्त घरासाठी ठेवावा. देवघर असलेल्या घरांत याला विरोध होतो; तिथे मी नवा कोरा बूट घेऊन तो बाहेर न वापरण्याची तडजोड सुचवतो आणि ती बहुधा मान्य होते. अंगठ्याची चप्पल आणि मागून उघडी सपाता पूर्ण बंद. एएफओ काढल्यावर त्वचेवरचा लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर तो घासतो आहे असे समजून दुरुस्त करून घ्यावा.

काठी चांगल्या हातात धरायची. उभे राहून हात सरळ खाली सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. आधी काठी, मग अधू पाय, मग चांगला पाय, असा क्रम ठेवावा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. मदतनीस नेहमी खालच्या पायरीवर असावा. जिन्याला एकाच बाजूला कठडा असेल तर चढताना तो चांगल्या हाताला येतो आणि उतरताना अधू हाताला, म्हणून दुसऱ्या बाजूलाही दांडा लावून घ्यावा.

पडण्याच्या जागा ठरलेल्या असतात: ओले न्हाणीघर, उंबरठा, दारातले पायपुसणे आणि रात्री लघवीला उठणे. संडासात चांगल्या बाजूला भिंतीत दांडा बसवावा, भारतीय पद्धतीचे भांडे असेल तर त्यावर कमोड खुर्ची ठेवावी, आतली कडी लावू देऊ नये आणि पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर दिवा चालू ठेवावा.

सहावी पायरी: हाताला काम देणे

बहुतेक घरांत रुग्णाच्या अधू हातात एक मऊ पिवळा चेंडू असतो आणि "दिवसभर दाबत बसा" अशी सूचना असते. हा सल्ला मला पटत नाही. ताठरपणामुळे मूठ आधीच आवळलेली असते. अडचण मूठ मिटण्याची नसून उघडण्याची आहे. चेंडू दाबून जे येतेच आहे त्याचाच सराव होतो.

अधू हाताला परत कामाला लावायचे, तर खरे काम, पुष्कळ वेळा आणि जमण्याच्या किंचित पलीकडचे द्यावे लागते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत असे दिसले की फिजिओथेरपीच्या एका सत्रात हाताच्या उपयुक्त हालचाली सरासरी ३२ वेळाच होतात. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले, त्यांत मात्र त्या शेकड्यांनी करून घेतल्या होत्या. हे शेकडे पाऊण तासात भरून निघत नाहीत, घरातल्या कामांतून निघतात.

या बाबतीत आपले घर कुठल्याही यंत्रापेक्षा समृद्ध आहे. सुरुवातीच्या आजींचेच उदाहरण देतो. दीड महिन्याने खांदा शांत झाला आणि बोटे थोडी उघडू लागली, तेव्हा मी त्यांना कापूस आणून द्यायला सांगितला. लांब वात वळताना तळवा पाटावर सपाट टेकवून, बोटे पसरून पुढे ढकलावी लागतात, म्हणजे मिटलेली मूठ उघडण्याचा तो अचूक व्यायाम आहे. फुलवातीला अंगठा आणि तर्जनीची चिमूट लागते, ती पुढची इयत्ता. आजींनी पहिल्या दिवशी दहा मिनिटांत अडीच वाती केल्या. अडीच, कारण तिसरी अर्धीच वळली गेली आणि त्या ती मोजायलाच लावत होत्या.

याच रीतीने कामे निवडावीत. हात अजून जेमतेम हलत असेल, तर टेबलावर फडके ठेवून चांगला हात वर ठेवून दोन्ही हातांनी पुसणे, किंवा लाटणे पुढे-मागे फिरवणे. थोडी पकड आली की परातीत तांदूळ पसरून बोटांनी निवडणे, मटारच्या शेंगा सोलणे, अधू हाताने भांडे धरून चांगल्या हाताने घासणे. बोटे उघडत असतील तर कॅरमची टिचकी, पत्ते एकेक करून वाटणे, वर्तमानपत्राचे पान उलटणे, कपड्याला चिमटे लावणे. तांब्या रिकामा, मग पाव भरलेला, मग अर्धा. ज्याला ज्यात रस त्याला ते द्यावे. आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या माणसाला वाती वळायला लावून काही होत नाही, त्याला नाणी मोजून रचायला द्यावीत.

मनगट निदान २० अंश वर उचलण्याची आणि बोटे १० अंश उघडण्याची क्षमता आली असेल, तर चांगला हात बांधून ठेवण्याची पद्धत विचारात घेता येते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'एक्साइट' या अमेरिकी चाचणीत २२२ रुग्णांपैकी एका गटाने दोन आठवडे जागेपणीचा बहुतांश वेळ चांगल्या हातावर जाड मोजा घातला आणि रोज काही तास अधू हाताने सराव केला. त्यांचा अधू हात इतरांच्या तुलनेत अधिक सुधारला आणि फरक वर्षभर टिकला. घरी याची सौम्य आवृत्ती, म्हणजे रोज दोन-तीन तास, बसून करायच्या कामांपुरती, फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने करावी. चालताना आणि न्हाणीघरात चांगला हात कधीही बांधू नये.

हात अजिबात हलत नसेल तर आरशाचा व्यायाम करून पाहण्यासारखा आहे. टेबलावर मध्यभागी उभा आरसा ठेवून अधू हात त्याच्या मागे लपवायचा आणि आरशात चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहत सावकाश मूठ उघडायची, मनगट फिरवायचे. मनाने दोन्ही हात हलवायचे. मूळचे तमिळनाडूचे मेंदूशास्त्रज्ञ वि. एस. रामचंद्रन यांनी तुटलेल्या अवयवाच्या वेदनांसाठी ही युक्ती वापरली आणि पुढे ती स्ट्रोकसाठीही आली. रोज अर्धा तास, निदान चार आठवडे. शंभर-दोनशे रुपयांच्या आरशात होणारा हा उपचार फार कमी घरांत होतो, याचे मला नवल वाटते.

हात हलतो पण वापरला जात नाही, असेही असते. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ते ताटातला डावीकडचा भात तसाच ठेवतात आणि डाव्या दाराच्या चौकटीला आपटतात. त्यांच्याशी डाव्या बाजूला बसून बोलावे, पाण्याचा पेला डावीकडे ठेवावा.

ताठरपणा वाढला तर

अचानक वाढलेल्या ताठरपणामागे पुष्कळदा दुसरेच कारण असते: बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, मांसात रुतलेले नख, अंथरुणातली जखम किंवा थंडी. आधी ते शोधावे. रोज दोन वेळा मूठ सावकाश उघडून अर्धा मिनिट ताणून धरावी. बोटे ओढण्याआधी मनगट वाकवून घेतले की ती सोपी उघडतात. आवळलेल्या तळव्यात घाम साचून त्वचा कुजते, म्हणून तो रोज धुऊन कोरडा करावा. ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेन किंवा टिझानिडीन यांसारख्या गोळ्यांनी सुस्ती येऊ शकते, आणि बॅक्लोफेन तर कधीही स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. एखाद्या ठरावीक स्नायूत ताठरपणा असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन उपयोगी पडते. त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, आणि त्या काळात ताण देणे व सराव झाला नाही तर खर्च वाया जातो.

तेलाच्या हलक्या मालिशीला माझी हरकत नाही. त्वचा चांगली राहते आणि रुग्णाला बरे वाटते. पण अर्धा तास मालीश झाली म्हणून त्या दिवसाचा व्यायाम झाला, असे धरू नये. बधिर हातापायाला गरम पाण्याची पिशवी लावू नये, भाजल्याचे रुग्णाला कळत नाही. कबुतराचे रक्त चोळण्याचा प्रकार अजूनही काही ठिकाणी चालतो. त्याचा काहीही उपयोग नाही, आणि त्याच्या नादात रक्तदाबाच्या व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद केल्या गेल्या तर दुसरा स्ट्रोक येऊ शकतो.

रुग्ण व्यायामाला नकार देऊ लागला, जेवण कमी झाले, सारखे रडू येऊ लागले, तर त्याला आळशी ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. स्ट्रोकनंतर साधारण तिघांपैकी एकाला कधी ना कधी नैराश्य येते आणि त्यावर उपचार आहेत.

नोंदवही आणि कागदपत्रे

शंभर पानी वही घ्यावी आणि दर रविवारी चार गोष्टी लिहाव्यात: तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता आले, दहा मीटर चालायला किती सेकंद लागले, ठरवलेले हाताचे काम दहा मिनिटांत किती झाले आणि खांदा दहापैकी किती दुखला. रोजच्या रोज पाहणाऱ्याला सुधारणा दिसत नाही, वहीत ती दिसते. आणि सलग तीन-चार आठवडे आकडे जागेवर राहिले तर व्यायाम बदलण्याची वेळ आली, हेही तिथेच कळते. डॉक्टरांकडे जाताना ही वही सोबत न्यावी.

उपचारांनंतरही अधूपणा कायम राहिला, तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी 'स्वावलंबन' या केंद्र सरकारच्या पोर्टलवर अर्ज करता येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. आधार, काठ्या आणि पुनर्वसनाचा सल्ला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मिळतो. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय शारीरिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था याच कामासाठी आहे. तपासणीला जाताना रुग्णालयातून सोडतानाचा कागद, सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा अहवाल, चालू गोळ्यांची यादी आणि ती वही, एवढे एका पिशवीत ठेवावे. आजींच्या वहीत शेवटच्या वेळी पाहिले तेव्हा वातींच्या रकान्यात अकरा लिहिले होते आणि खांदेदुखीच्या रकान्यात दोन.